ट्विस्ट रडर झटके देतोय, विमान डावीकडे पळतंय: दोष विमानाचा, सेटिंगचा की जॉयस्टिकचा?

भुसावळ_जंक्शन · सोमवार, रात्री १०:१२

सिम, म्हणजे विमान उडवायचा संगणकी खेळ, डीसीएस वर्ल्ड. विमानं फुकटात मिळतात ती दोनच, टीएफ-५१डी मस्टँग आणि सू-२५टी. विंडोज ११चा लॅपटॉप. जॉयस्टिक चार उन्हाळे पाहिलेली, दांडा पिळला की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा उभा पडदा. मागच्या आठवड्यात वेगळा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) जोडला, त्यावर बोटाने दोन्हीकडे दाबायचा एक रॉकर आहे. पायाने रडर द्यायचे पेडल नाहीत.

त्रास असा:

– मस्टँगला धावपट्टीवर जोर दिला की डावीकडे पळतं. उजवा रडर दिला की एकदम उजवीकडे फेकलं जातं.
– सू-२५टी टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) सरळ चालता चालता पुढचं चाक झटका खातं.
– कधी कधी दांडा पिळला तरी रडर अर्ध्यावरच राहतं.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल सिमने सोडून द्यायची ती, २५ केला. झटके कमी झाले, पण आता मस्टँग अजिबात सांभाळत नाही. जॉयस्टिक भंगारात द्यायची वेळ आली का?

---

तापीकाठ · रात्री १०:३१

एवढ्यात नको भाऊ. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर तुम्ही एकच औषध दिलंत. डेडझोन आधी शून्यावर आणा. तो लावून ठेवला तर खालचा दोष दिसणारच नाही.

मस्टँगचं डावीकडे पळणं हा बिघाड नाही. मर्लिन इंजिनाचा पंखा मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया आणि शेपटीवर पिळा घेऊन आदळणारी हवा, दोन्ही मिळून नाक डावीकडे नेतात. म्हणून रडर तपासायला मस्टँग घेऊच नये. सू-२५टी घ्या. दोन जेट इंजिनं, पंखा नाही. मिशन एडिटरमध्ये वारा तिन्ही उंचींवर शून्य करा, विमान धावपट्टीवर ठेवा आणि दांड्यावरचा हात काढा. तरीही वळलं तर दोष तुमच्या टेबलावर आहे.

विमानात बसल्यावर उजवा कंट्रोल दाबून एंटर मारा. कोपऱ्यात कंट्रोलची चौकट येते, तिच्या खालची आडवी पट्टी म्हणजे रडर. सिमपर्यंत नेमकं काय पोचतंय ते तिथे दिसतं. हात न लावता खूण हलते का, दांडा पूर्ण पिळल्यावर टोकाला जाते का, सोडल्यावर मध्यावर येते का, एवढं पाहून कळवा.

---

शहाद्याची_रेवा · रात्री १०:५०

थ्रॉटल मागच्या आठवड्यात आला म्हणताय, मग तिसरी तक्रार बहुतेक तिथलीच. डीसीएसला एक सवय आहे. नवीन उपकरण दिसलं की त्याचे ॲक्सिस (पिळणं, ढकलणं अशी एकेक हालचाल) स्वतःच वाटून टाकतं. रॉकरलाही रडर दिलं असणार. एका रडरवर दोन ॲक्सिस बसले की एक पिळतोय आणि दुसरा मध्यावर धरून ठेवतोय, अशी ओढाताण चालते.

ऑप्शन्स, कंट्रोल्स. डावीकडे वर विमान निवडा. शेजारच्या यादीत ‘ॲक्सिस कमांड्स’ घ्या. रडरची ओळ शोधा आणि ती ओळ सगळ्या रकान्यांतून उजवीकडे शेवटपर्यंत वाचा. कीबोर्ड, जॉयस्टिक, थ्रॉटल, माउस असे रकाने असतात आणि लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर शेवटचा रकाना बाहेर जातो, तिथेच फसगत होते. जिथे नको तिथे क्लिक करून ‘क्लिअर’. पिच (नाक वर-खाली), रोल (पंख कलवणं) आणि थ्रस्टच्या (इंजिनाचा जोर) ओळीही त्याच फेरीत बघून घ्या.

हे प्रत्येक विमानाला वेगळं करावं लागतं. मस्टँगमध्ये साफ केलं म्हणून सू-२५टीमध्ये होत नाही.

आणि यूएसबीचं भोक ठरवून टाका. बाइंडिंगच्या, म्हणजे कोणता ॲक्सिस कशाला दिलाय त्याच्या, फायली ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये डीसीएस, कॉन्फिग, इनपुट, मग विमानाचं नाव, मग जॉयस्टिक या फोल्डरात असतात आणि फाइलच्या नावात उपकरणाचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. दुसऱ्या पोर्टात लावल्यावर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर तो बदलला, की सिमच्या दृष्टीने ते नवं उपकरण. परत सगळं वाटप पहिल्यापासून. ‘इनपुट’ फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

---

केळीबाग_रावेर · रात्री ११:०५

एवढं कशाला? विंडोजमधून कॅलिब्रेशन परत करा. पाच मिनिटांचं काम.

---

अमळनेरचे_आबा · रात्री ११:२२

रावेरकर, झटके असताना कॅलिब्रेशन करायचं नाही. कॅलिब्रेशनच्या वेळी विंडोज दांड्याची दोन टोकं लक्षात ठेवतं. त्याच क्षणी सेन्सरने खोटी उडी मारली तर त्या उडीलाच ते टोक समजतं. मग खरा दांडा पूर्ण पिळला तरी रडर साठ-सत्तर टक्क्यांवर अडकतं. आधी झटके घालवा, मग कॅलिब्रेशन.

भुसावळकर, सिम पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल लिहून एंटर. जॉयस्टिक निवडा, प्रॉपर्टीज. ट्विस्ट बहुतेक ‘झेड रोटेशन’ नावाच्या पट्टीवर असतो. सेटिंग्जच्या टॅबमध्ये ‘रीसेट टू डीफॉल्ट’ दाबून जुनं कॅलिब्रेशन पुसून टाका. आता तीन चाचण्या, याच क्रमाने.

पहिली. जॉयस्टिकला हात न लावता पट्टीकडे मिनिटभर बघा. सतत थरथरत असेल तर वीजपुरवठा किंवा अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर परत बघा. थरथर थांबली तर जॉयस्टिक निर्दोष. आपल्याकडे लाईट गेली की स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर चालतो, तेव्हा हा प्रकार जास्त दिसतो.

दुसरी. दांडा न पिळता पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे शेवटपर्यंत न्या. फक्त रडरची पट्टी बघा. तेव्हा उडी मारली तर मानेतून जाणारी वायर आतून तुटलेली. ट्विस्टच्या दांड्यात वायरी दर वेळी पिळल्या जातात. वरून आवरण शाबूत दिसतं आणि आतले धागे एकेक करून तुटत जातात.

तिसरी. दांडा सरळ उभा ठेवून अगदी सावकाश पिळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेकंद घ्या. ठरावीक एकाच जागी उडी दिसली तर पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे पिळण्याप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरचा, कार्बन पट्टा झिजलाय किंवा त्यावर घाण बसलीय.

---

भुसावळ_जंक्शन · मंगळवार, रात्री ९:३५

रेवाताई, रॉकरवर खरंच रडर बसलं होतं, दोन्ही विमानांत. साफ केलं. अर्ध्यावर अडकणं बंद.

आबा, पहिल्या दोन चाचण्यांत पट्टी शांत. तिसरीत मध्यापासून किंचित डावीकडे दर वेळी एकाच जागी पट्टी टोकापर्यंत उडून परत येते. उजवीकडे स्वच्छ.

---

अमळनेरचे_आबा · मंगळवार, रात्री १०:१८

मग पट्टाच. मध्याशेजारीच का झिजतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं काम डोळसपणे होईल. साधा गोल पोटेन्शिओमीटर जवळजवळ ३०० अंश फिरतो. ट्विस्टचा दांडा मात्र दोन्ही बाजू मिळून ४० अंशांच्या आसपास पिळला जातो. म्हणजे चार वर्षं आतली पत्ती तेवढ्याच तुकड्यावर घासतेय, आणि त्यातही बहुतेक वेळ मध्याभोवती. दुसरा परिणाम असा की १० बिटांच्या चिपला १०२४ पायऱ्या मिळतात, पण ३०० पैकी ४० अंश म्हणजे हातात जेमतेम १३६ पायऱ्या येतात. तीन पायऱ्यांचा किरकोळ गोंधळसुद्धा रडरवर दोन टक्क्यांहून मोठा दिसतो. महागड्या दांड्यांत गिअर लावून किंवा चुंबकी सेन्सर बसवून हे टाळलेलं असतं.

उघडताना यूएसबी काढलेली हवी. तळाचे स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. मुठीचे दोन अर्ध वेगळे करताना ट्रिगरची स्प्रिंग उडते, म्हणून मूठ परातीत धरून उघडा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा. ट्विस्टचा पोटेन्शिओमीटर दांड्याच्या बुंध्याशी किंवा मुठीच्या पोटात असतो. त्याला तीन पाय, तीन वायरी. कोणत्या पायाला कोणता रंग ते कागदावर लिहा.

मीटर २० किलोओहमवर लावा. पोटेन्शिओमीटरचा प्लग बोर्डातून काढा, नाहीतर बोर्डाचा रोध मिसळून आकडा चुकतो. बाहेरच्या दोन पायांत मोजलेला आकडा दांडा पिळला तरी बदलायला नको. मग मधला पाय आणि एक बाहेरचा पाय धरून सावकाश पिळा. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच पडद्यावर डावीकडे एकटा १ दिसला तर त्या जागी पत्तीचा संपर्क तुटतोय.

आधी साफ करून बघा. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, पायांजवळच्या फटीतून बारीक नळीने दोन छोटे फवारे. टोकापासून टोकापर्यंत ३०-४० वेळा फिरवा. वीस मिनिटं वाळू द्या. परत मोजा. घरात असतो तो गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. दोन दिवस छान चालतं, मग त्या तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो.

---

शहाद्याची_रेवा · मंगळवार, रात्री १०:४०

धुळीवरून आठवलं. जॉयस्टिक कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची जाळी आठवा, पांढरी खार धरते ती. उडणाऱ्या बारीक तुषारांसोबत थोडी खार मुठीच्या फटीतही जाते, वर एप्रिल-मेची काळी माती. आसपास जिनिंग असेल तर रुईचे तंतूही सापडतील. वापर झाला की दांड्यावर जुनी उशीची खोळ घाला.

---

भुसावळ_जंक्शन · बुधवार, रात्री ८:५०

बाहेरच्या पायांत ९.६, दांडा मध्यावर असताना मधल्या पायाशी ४.७. डावीकडे ४.४च्या आसपास मीटर १ दाखवून परत येतो. क्लीनरने दोनदा केलं. १ दिसणं कमी झालं, गेलं नाही. मागच्या बाजूला बी१०के लिहिलंय. बदलायचाच ना?

---

तापीकाठ · बुधवार, रात्री ९:१०

बदलायचा. जळगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान मिळतं त्या दुकानात ‘पोटेन्शिओमीटर’ म्हणालात तर बघत राहतील. ‘दहा के चा व्हॉल्यूम’ म्हणा. पण बी असलेलाच घ्या. बी म्हणजे लिनिअर, सारख्या फिरण्याला सारखा बदल. ए म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आवाजासाठीचा. तो लावला तर एका बाजूला रडर सुस्त आणि दुसऱ्या बाजूला चपळ होतं, मग माणूस महिनाभर सिममध्ये कर्व्ह (किती पिळल्यावर किती रडर, त्याची वक्र रेषा) लावत बसतो. बी१०३ लिहिलेला असेल तरी तोच, १० पुढे तीन शून्यं.

दुकानात जुना सोबत न्या. रोधापेक्षा माप जुळणं अवघड जातं. दांडीची जाडी, लांबी, टोक डी आकाराचं आहे की दातेरी, आणि बूड किती रुंद, हे सगळं जुळलं पाहिजे. दोन घ्या. किरकोळ किमतीची वस्तू आहे.

---

केळीबाग_रावेर · बुधवार, रात्री ९:२६

व्हॉल्यूम कशाला, हॉल सेन्सर टाका, चुंबकावर चालणारा. घासणं नाही, झिजणं नाही.

---

अमळनेरचे_आबा · बुधवार, रात्री ९:५५

मुद्दा बरोबर, पण अर्धा. ४९ई सारखा लिनिअर हॉल सेन्सर तीन पायांचाच असतो. ५ व्होल्टवर चुंबक नसताना साधारण २.५ व्होल्ट देतो, म्हणजे मध्य आपोआप जुळतो. पण चुंबक कुठे आणि किती अंतरावर बसवायचा हे प्रत्येक दांड्यात वेगळं. चुंबक जरा तिरपा बसला तर डावीकडचा आणि उजवीकडचा प्रवास सारखा राहत नाही. बोर्ड सेन्सरला ५ व्होल्ट देतो की ३.३ हेही आधी मोजावं लागतं. पहिल्यांदाच दांडा उघडणाऱ्याने व्हॉल्यूमच बदलावा. पेडल घरी बनवायला घेतले तर हॉल जरूर, तिथे जागा आपल्या हातात असते.

भुसावळकर, सोल्डर करताना तीन गोष्टी. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे, एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, प्लास्टिक वितळून पत्ती हलते. मधली वायर मधल्याच पायाला. बाहेरच्या दोन एकमेकींच्या जागी गेल्या तर फक्त दिशा उलटते, ती सिममध्ये ‘इन्व्हर्ट’ने सुधारते. पण मधली वायर बाहेर गेली तर दांडा टोकाला पिळताच पुरवठा आणि ग्राउंड एकमेकांना भिडतात, आणि व्हॉल्यूम जळतो किंवा यूएसबी बंद पडते. तिसरं, वायरीला मानेत बोटभर ढील ठेवा.

दांडी घट्ट करायच्या आधी मधला पाय आणि बाहेरचा पाय मोजा. मूठ सरळ असताना एकूण रोधाच्या निम्मा यायला हवा, ९.६ला ४.८. डी आकारामुळे थोडा फरक राहिला तर चालेल, तेवढा कॅलिब्रेशन सांभाळतं. शक्य असेल तर मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरॅडचा चकती कपॅसिटर लावा, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं. बारीक थरथर तिथेच मरते.

---

भुसावळ_जंक्शन · शनिवार, दुपारी ४:१५

बसवला. मध्य ४.९, एकूण ९.८. कपॅसिटरही लावला. पट्टी आता सरळ रेषेत सरकते, मग कॅलिब्रेशन केलं. सू-२५टी धावपट्टीवर हात सोडून नाकासमोर चालतं. आता कर्व्ह किती ठेवू? आणि मस्टँग अजूनही डावीकडेच.

---

शहाद्याची_रेवा · शनिवार, दुपारी ४:४०

रडरच्या चौकटीवर क्लिक करून ‘ॲक्सिस ट्यून’ उघडा. ट्विस्टसाठी मी देईन ते आकडे: डेडझोन ३, कर्व्हेचर २०, दोन्ही सॅच्युरेशन १००. ‘स्लायडर’वर खूण नको. ती असली तर सिम मध्याऐवजी एका टोकापासून मोजतं आणि डेडझोन चुकीच्या जागी जातो.

सॅच्युरेशन एक्स आणि वाय यांत लोक गोंधळतात. एक्स ९० केलं तर दांडा नव्वद टक्के पिळला की रडर पूर्ण. दांडा टोकापर्यंत पोचत नसेल तर हे उपयोगाचं. वाय ८० केलं तर कितीही पिळा, रडर ऐंशीवरच थांबतं. झटके झाकायला काही जण वाय कमी करतात. ते करू नका, स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) बाहेर यायला उलटा रडर पूर्ण लागतो आणि नेमका तोच नसतो.

‘मिस्क’ टॅबमध्ये फोर्स फीडबॅकची खूण असेल तर काढा. आपल्या साध्या दांड्याला त्याचा उपयोग नाही, ट्रिम (कंट्रोल ठरावीक जागी धरून ठेवायची सोय) मात्र विचित्र वागते.

---

तापीकाठ · शनिवार, सायंकाळी ५:२०

मस्टँगचं आता उडवण्यावर आलं. ऑप्शन्सच्या ‘स्पेशल’ टॅबमध्ये टीएफ-५१डीवर जा. ‘ऑटो रडर’ची खूण काढा आणि ‘टेकऑफ असिस्टन्स’ची पट्टी शून्यावर आणा. सिम मागून रडर देतंय आणि तुम्हीही देताय, मग एकदम उजवीकडे फेकलं जाणं आलंच. शिकायचंच असेल तर सरळ शून्यावर शिका.

धावपट्टीवर रडर ट्रिम उजवीकडे ६ अंश. शेपटीचं चाक सरळ होईपर्यंत थोडं पुढे चाला. मग दांडा मागे ओढून धरा, त्याने शेपटीचं चाक अडकतं आणि रडरसोबत दोन्हीकडे फक्त ६ अंश वळतं. दांडा पुढे ढकलला की चाक मोकळं सुटतं. जोर देता देता बरेच जण नकळत दांडा पुढे नेतात, चाक सुटतं आणि मग रडरच्या नावाने ओरडा.

थ्रॉटल हळूहळू ४० इंचांपर्यंत (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा काटा). विमान सरळ धावतंय याची खात्री झाली की ६१ इंच, मिनिटाला ३००० फेरे. पहिल्यापासून उजवा रडर थोडा दिलेला हवा, नाक वळल्यावर द्यायचा नाही. वळल्यावर दिलेला रडर नेहमी जास्त होतो. ट्विस्टवर छोटे छोटे टोले द्या आणि लगेच अर्धे परत घ्या. वेग वाढला की रडरला हवा मिळते, तसं पिळणं कमी करत जा.

शेपूट उचलताना घाई नको. चाकं जमिनीवर असताना झपकन शेपूट वर केली की फिरता पंखा भोवऱ्यासारखा वागतो आणि नाक अजून डावीकडे ढकलतो. ट्विस्टवाल्यांची खरी परीक्षा इथेच, कारण दांडा पुढे नेणारा हात आणि पिळणारा हात एकच. मनगट पुढे गेलं की थोडं आपोआप पिळलं जातं. कंट्रोलची चौकट चालू ठेवून चारदा नुसता दांडा पुढे-मागे करा आणि रडरची खूण किती हलते ते बघा. तीनपेक्षा जास्त हलत असेल तर डेडझोन ५ करा, त्याच्या वर नाही.

वर गेल्यावर गोळी बघा. काचेच्या नळीतली ती काळी गोळी ज्या बाजूला सरकली, त्या बाजूचा रडर.

---

भुसावळ_जंक्शन · रविवार, सकाळी ११:०५

ऑटो रडर चालू होतं, आणि असिस्टन्स १००वर! काढलं. दहा टेकऑफपैकी सहा धावपट्टीवरून, चार गवतातून. दांडा पुढे नेला की रडर डावीकडे चार-पाच टक्के हलतं, म्हणून डेडझोन ५.

एकच राहिलं. सू-२५टीमध्ये तोफेचा मारा दर वेळी लक्ष्याच्या उजवीकडे पडतो. हाही रडरच का?

---

अमळनेरचे_आबा · रविवार, सकाळी ११:३०

सरळ उडताना गोळी मध्यावर आहे का? नसेल तर विमान तिरपं सरकतंय, आणि तोफगोळे-रॉकेट त्या सरकण्यासकट जातात. रडर ट्रिमने गोळी मध्यावर आणा, मग नेम धरा. आणि शेवटच्या दोन सेकंदांत नेम रडरने ओढू नका. नाक फिरतं, पण विमान अजून जुन्याच दिशेने चाललेलं असतं. पंख किंचित कलवून नेम आणा आणि सरळ होऊनच ट्रिगर दाबा.

---

भुसावळ_जंक्शन · रविवार, दुपारी १२:५०

गोळी अर्धी बाहेर होती. ट्रिम केलं, ट्रकांची रांग पहिल्याच फेरीत लागली.

---

केळीबाग_रावेर · रविवार, दुपारी १:०२

आते बरं शे ना भो? जुना व्हॉल्यूम फेकू नका, उघडून कार्बनच्या पट्ट्याचा फोटो टाका इथं. ४.४ला नेमकं काय झालंय ते बघू.